सव्वा लाखांचा देश आणि चारशे मीटरची एक फेरी

एका तालुक्याच्या गावातल्या क्रीडाशिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पॅरिस ऑलिंपिकनंतर लोकसंख्येच्या हिशेबाने काढलेल्या पदकांच्या यादीत ग्रेनेडा नावाचा कॅरिबियन बेटांवरचा देश पहिला होता आणि आपण पार तळाला. आमच्या तालुक्याची वस्तीसुद्धा त्या देशापेक्षा जास्त आहे. मग त्यांना जमतं ते आपल्याला का जमत नाही? त्यांचं गुपित काय?

सर, आधी ती यादी बाजूला ठेवा. सव्वीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकतोय, त्यातली बरीचशी चारशे मीटर आणि भालाफेकीच्या पोरांमागे गेली. त्या अनुभवावर सांगतो, माणशी पदकांची यादी वर्तमानपत्राच्या चौकटीपुरती ठीक असते. ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सच्या एका वैयक्तिक प्रकारात एका देशाला जास्तीत जास्त तीन खेळाडू उतरवता येतात. ग्रेनेडालाही तीन आणि भारतालाही तीन. आपली लोकसंख्या उद्या दुप्पट झाली तरी भालाफेकीत चौथा माणूस उभा करता येणार नाही. म्हणजे भागाकार खालच्या आकड्यानेच ठरतो, आणि तो आकडा लहान असला की एका पदकात देश पहिला येतो.

आणि दुसरी बाजू पाहा. ग्रेनेडाच्या उत्तरेला लागूनच सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडिन्स आहे. जवळपास तेवढीच वस्ती, तसाच डोंगर, तसाच समुद्र, तीच इंग्रजांची शाळा, तेच क्रिकेट. २०२४ पर्यंत त्यांना एकही ऑलिंपिक पदक नाही. अँटिग्वाला नाही. सेंट किट्सलाही नाही, आणि त्यांचा किम कॉलिन्स तर २००३ मध्ये शंभर मीटरचा जगज्जेता होता! तेव्हा 'लहान देश म्हणून जमलं' हे उत्तर पहिल्याच शेजाऱ्यापाशी कोसळतं. ग्रेनेडात काय झालं हे समजून घ्यायचं तर ग्रेनेडाच पाहावा लागेल.

देश केवढा, तर ३४४ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा. मुख्य बेट ग्रेनेडा, शिवाय कॅरिअकू आणि पेटिट मार्टिनिक ही दोन छोटी बेटं. राजधानी सेंट जॉर्जेस. पीक म्हणाल तर जायफळ, तेच आपलं श्रीखंडातलं. त्यांच्या राष्ट्रध्वजावर जायफळाचं चित्र आहे. ७ फेब्रुवारी १९७४ ला इंग्रजांपासून स्वतंत्र झाला.

आपल्याकडे कॅरिबियन म्हटलं की डोळ्यासमोर क्रिकेट येतं. १९७१ मध्ये वाडेकरांचा संघ तिकडे गेला, गावसकरांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या, तेव्हापासून 'वेस्ट इंडिज' हा आपल्या घरातला शब्द. पण वेस्ट इंडिज नावाचा देश नाही. तो बऱ्याच देशांचा मिळून एक संघ आहे, आणि त्या संघात लहान बेटांच्या वाट्याला फारसं काही यायचं नाही. ग्रेनेडाचा पहिला कसोटीपटू, यष्टिरक्षक ज्युनिअर मरे, खेळला तो १९९३ मध्ये. वेस्ट इंडिजची पहिली कसोटी १९२८ ची, म्हणजे हिशेब करा. नंतर डेव्हन स्मिथ आला, आंद्रे फ्लेचर आला. पण हे खेळले ते वेस्ट इंडिजची मरून रंगाची टोपी घालून. ग्रेनेडाचा झेंडा क्रिकेटमध्ये कधी वर चढणार नाही, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असतं.

ॲथलेटिक्समध्येही एकदा असाच मिळून प्रयोग झाला होता. १९५८ ते १९६२ या काळात इंग्रजांच्या कॅरिबियन वसाहतींचं एक संघराज्य होतं, ग्रेनेडा त्यात होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकला त्या संघराज्याचा एकच संघ गेला आणि दोन कांस्यपदकं घेऊन आला: जॉर्ज केर आठशे मीटरमध्ये, आणि चार बाय चारशेची रिले. रिलेतले तिघे जमैकाचे, एक बार्बाडोसचा. लहान बेटांच्या हाती काही नाही. संघराज्य मोडलं, एकेक बेट स्वतंत्र झालं, आणि प्रत्येकाची स्वतःची ऑलिंपिक समिती झाली. माझ्या मते ग्रेनेडाच्या गोष्टीतलं हे पहिलं खरं वळण, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जमैकाच्या सावलीत निवड चाचणी द्यायची असती तर पुढचे अर्धे खेळाडू विमानात बसलेच नसते.

ग्रेनेडाचं पहिलं ऑलिंपिक १९८४, लॉस एंजेलिस. त्याच्या आधीचं वर्ष पाहा. १९ ऑक्टोबर १९८३ ला पंतप्रधान मॉरिस बिशप यांना त्यांच्याच क्रांतिकारी सरकारातल्या विरोधी गटाने गोळ्या घातल्या. २५ ऑक्टोबरला अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं. आणि त्यानंतर नऊ महिन्यांनी ग्रेनेडाचा चिमुकला संघ स्वतःचा झेंडा घेऊन पहिल्यांदा ऑलिंपिकच्या संचलनात चालला, तोही अमेरिकेतच. पदक वगैरे दूरच. १९८४ ते २००८ अशी सात ऑलिंपिकं ते गेले आणि रिकाम्या हाताने परतले. चोवीस वर्षांच्या त्या काळात त्यांना कोणी 'गुपित' विचारलं नाही.

मध्ये एक गोष्ट सांगतो. फुटबॉलची आहे, विषयाला थोडी आडवी जाते, पण ग्रेनेडाचं नाव निघालं की मला ती आठवतेच. २७ जानेवारी १९९४, कॅरिबियन कपच्या पात्रता फेरीत बार्बाडोस विरुद्ध ग्रेनेडा. पुढे जायला बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं. आयोजकांनी नियम केला होता की कुठलाही सामना बरोबरीत सोडायचा नाही, जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना संपला आणि तो गोल दोन गोलांइतका धरायचा. बार्बाडोस २-० ने पुढे होता. ८३ व्या मिनिटाला ग्रेनेडाने एक गोल मारला, २-१. आता बार्बाडोसच्या डोक्यात प्रकाश पडला: उरलेल्या वेळात तिसरा गोल मारण्यापेक्षा बरोबरी झालेली बरी, जादा वेळेतला एक गोल दोनाचा! त्यांनी मुद्दाम स्वतःच्या जाळीत बॉल मारला. २-२. ग्रेनेडाच्या पोरांनाही गणित कळलं, त्यांना आता कुठल्याही बाजूला गोल चालणार होता. २-३ ने हरले तरी ते पुढे जात होते. त्यामुळे शेवटची काही मिनिटं ग्रेनेडाचा संघ दोन्ही गोलांवर चढाई करत होता आणि बार्बाडोसचा संघ दोन्ही गोल राखत होता. जादा वेळेत बार्बाडोसने गोल केला, सामना ४-२ असा नोंदला गेला, ग्रेनेडा बाहेर. आपल्या तालुका स्पर्धांत आयत्या वेळी नियम बदलणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. फुटबॉलमध्ये पुढे २००९, २०११ आणि २०२१ ला ते गोल्ड कपपर्यंत पोचले. तिथे सपाटून हरले. अकरा चांगले पाय एकाच वेळी मिळणं सव्वा लाखांत अवघड असतं. एक चांगला धावपटू मिळणं त्यामानाने सोपं.

तो एक पहिला म्हणजे ॲलेन फ्रान्सिक. पुढे चारशे मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या किरानी जेम्सचं नाव सगळ्यांना माहीत असतं, फ्रान्सिकचं नसतं. २००४ आणि २००६, दोन्ही वेळा हा माणूस चारशे मीटरचा जागतिक इनडोअर विजेता. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ४४.६६ सेकंदांत चौथा. चौथा म्हणजे पदक नाही, पण बेटावरच्या बारा वर्षांच्या पोराला पुरेसं होतं: आपल्यातला माणूस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये धावतो, आणि तो धावतो चारशे मीटर. लहान ठिकाणी एकाने एक वाट पाडली की बाकीचे तीच धरतात. आपल्याकडे माणदेशात लांब पल्ल्याचे धावणारे आणि कोल्हापुरात पैलवान निघतात ते काय हवेत वेगळं काही असतं म्हणून नाही. शेजारच्या घरात कोणीतरी करून दाखवलेलं असतं.

अथेन्सच्या त्या फायनलनंतर अवघ्या पंधरा दिवसांत, ७ सप्टेंबर २००४ ला, इव्हान चक्रीवादळ ग्रेनेडावर आदळलं. दहातली नऊ घरं मोडली. जायफळाच्या बागा आडव्या झाल्या, आणि जायफळाचं झाड लावल्यावर सहा-सात वर्षं फळ देत नाही. राष्ट्रीय स्टेडियम उद्ध्वस्त झालं. २००७ चा क्रिकेट विश्वचषक तोंडावर होता. ते स्टेडियम चीनने बांधून दिलं, आणि त्याचीही किंमत होती. त्याआधी ग्रेनेडा तैवानच्या बाजूचा होता, २००५ मध्ये त्याने बीजिंगला मान्यता दिली. फेब्रुवारी २००७ मध्ये उद्घाटनाला चिनी राजदूत उभे, पंतप्रधान उभे, आणि पोलिसांच्या बँडने राष्ट्रगीत वाजवलं ते तैवानचं! कुणाची नोकरी गेली असेल ती गेली असेल. पण मैदान उभं राहिलं ते क्रिकेटचं. ॲथलेटिक्ससाठी शेजारी वेगळं स्टेडियम झालं ते किरानीचं सुवर्ण होऊन गेल्यावर, आणि त्याला नावही त्याचंच दिलं. क्रम लक्षात घ्या सर. आधी पदक आलं, मग ट्रॅक. 'आमच्याकडे सिंथेटिक ट्रॅक नाही' हे वाक्य मी जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या व्हरांड्यात शेकडो वेळा ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. ट्रॅक हवाच. पण सुरुवात तिथून होत नाही.

किरानी जेम्स १ सप्टेंबर १९९२ चा, ग्वाव नावाच्या कोळ्यांच्या गावचा. पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव, शुक्रवारी रात्री रस्त्यावर मासे भाजून विकण्यासाठी प्रसिद्ध. चौदाव्या वर्षी, २००७ मध्ये, तो जागतिक युवा स्पर्धेत चारशे मीटरला रौप्य घेऊन आला. २००९ मध्ये त्याच स्पर्धेत दोनशे आणि चारशे, दोन्हींचं सुवर्ण. हे त्याआधी कोणी केलं नव्हतं. २०१० ला जागतिक ज्युनिअर विजेता. आणि ऑगस्ट २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगूला, एकोणीस पुरे व्हायला दोन दिवस कमी असताना, मोठ्यांचा जगज्जेता. ४४.६० विरुद्ध लाशॉन मेरिटचे ४४.६३. मेरिट तेव्हा ऑलिंपिक विजेता होता आणि शेवटच्या सरळ पट्टीत पुढेही होता. ही शर्यत पोरांना दाखवताना मी शेवटच्या साठ मीटरला थांबवतो. चारशेत शेवटी कोणी वेग वाढवत नसतो. सगळेच मंदावत असतात, जो कमी मंदावतो तो जिंकतो. जेम्सचे खांदे खाली, मान सैल, पावलाची लांबी जवळपास तशीच. मेरिट आखडला. तीन शतांश सेकंदांचा फरक खांद्यात होता.

लंडनची फायनल ६ ऑगस्ट २०१२ ची, आपल्याकडे ७ तारखेचे पहाटेचे दोन. घरातले झोपलेले, मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलेलो. त्याआधी उपांत्य फेरी संपल्यावर कृत्रिम पायांवर धावणाऱ्या ऑस्कर पिस्टोरियसशी त्याने छातीवरच्या नावाच्या पट्टीची अदलाबदल केली होती, तेव्हाच हा पोरगा मनात भरला होता. फायनलमध्ये ४३.९४. अमेरिकेबाहेरचा माणूस ४४ सेकंदांच्या आत पहिल्यांदाच आला. मागे डॉमिनिकन रिपब्लिकचा लुगेलिन सांतोस, त्याच्या मागे त्रिनिदादचा लालोंड गॉर्डन. ज्या प्रकारावर अमेरिकेची वहिवाट होती तिथे पहिले तिन्ही कॅरिबियन. ग्रेनेडाच्या पंतप्रधानांनी दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली.

आता पुढचे आकडे नीट वाचा. लंडनमध्ये ४३.९४ ला सुवर्ण. २०१६ रिओत तो ४३.७६ धावला, म्हणजे स्वतःच्या सुवर्णापेक्षा वेगात, आणि मिळालं रौप्य, कारण आठव्या लेनमधून वेड व्हॅन नीकर्कने ४३.०३ चा विश्वविक्रम केला. टोकियोत ४४.१९ ला कांस्य. पॅरिसला ४३.८७, पुन्हा लंडनपेक्षा वेगात, आणि पाचवा! मधल्या काळात त्याला ग्रेव्हज नावाचा थायरॉइडचा आजार झाला, ज्यात वजन उतरतं, छाती धडधडते, स्नायूंची ताकद जाते. धावपटूची कारकीर्द संपवायला तेवढं पुरेसं असतं. त्यातून उठून त्याने टोकियोचं कांस्य घेतलं आणि ऑलिंपिकच्या चारशेत तिन्ही रंगांची पदकं असलेला तो पहिला पुरुष ठरला. २०२२ ला जागतिक रौप्य. एवढं करणाऱ्या माणसाला देशाच्या लोकसंख्येने भागून काय मिळतं, मला कळत नाही.

तुम्ही विचाराल, मग सगळं नशीबच का? नाही. इथे मी तुमच्या 'गुपिता'कडे येतो, आणि ते बेटाच्या लोकसंख्येत नाही, पोराच्या वर्षभराच्या वेळापत्रकात आहे.

ग्रेनेडात माध्यमिक शाळांची वार्षिक ॲथलेटिक्स स्पर्धा असते, तिला इंटरकॉल म्हणतात. शाळाशाळांच्या रंगांचे कपडे, ढोल, गर्दी. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना जो मान असतो, तो तिथे या शर्यतींना. त्यातून वर आलेली पोरं जातात ती 'कॅरिफ्टा गेम्स'ला. हे नाव लक्षात ठेवा. कॅरिफ्टा म्हणजे मुळात कॅरिबियन मुक्त व्यापार संघटना, ती संघटना केव्हाच इतिहासजमा झाली, पण १९७२ मध्ये बार्बाडोसला तिच्या नावाने सुरू झालेली ज्युनिअर स्पर्धा टिकली. दर ईस्टरला, एका बेटावर, तीन दिवस. सतराखालील आणि वीसखालील गट. उसेन बोल्ट, किरानी जेम्स, अँडरसन पीटर्स, सेंट लुशियाची ज्युलियन आल्फ्रेड, ही सगळी मंडळी या जिन्याने वर चढलेली. २०१६ आणि २०२४ ला यजमानपद ग्रेनेडाकडेच होतं, किरानी जेम्स स्टेडियमवर.

पंधरा वर्षांच्या पोराला दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, परक्या बेटावर, जमैकाच्या पोरांच्या शेजारच्या लेनमध्ये उभं राहायला मिळतं. बहुतेकदा तो हरतो. पदकतालिकेत जमैका इतकी पुढे असते की बाकीचे दुसऱ्या क्रमांकासाठीच भांडतात. पण हरलेलं पोर पुढच्या ईस्टरला परत येतं, त्याच्या पुढच्यालाही येतं. अठराव्या वर्षापर्यंत त्याच्या अंगात परदेशातल्या मोठ्या शर्यतींची तीन-चार वर्षं मुरलेली असतात. आपल्या पोराचं काय होतं, तुम्हाला मी सांगायला नको. तालुक्याला पहिला येतो, जिल्ह्याला जातो, सकाळच्या हीटमध्ये तिसरा येतो, संपलं वर्ष. नशीब असेल तर विभाग, राज्य. माझ्याकडच्या एका मुलाने नववी ते बारावी या चार वर्षांत शालेय स्पर्धांतून मोजून अकरा शर्यती धावल्या. मी वहीत लिहून ठेवल्यात. अकरा! मग क्रीडागुण मिळाले, बारावी झाली, आणि पोलीस भरतीसाठी तो सोळाशे मीटर धावायला लागला. त्याचं चुकलं नाही, घराला पगार हवा होता. पण चारशेचा एक चांगला धावपटू तिथे संपला.

त्याच वयात ग्रेनेडाच्या पोराला काय होतं? कॅरिफ्टाच्या कठड्याला अमेरिकन विद्यापीठांचे कोच टेकून उभे असतात. ही जिन्याची पुढची पायरी. फ्रान्सिक लुइझियाना स्टेटला गेला, जेम्स अलाबामाला, दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनवाला लिंडन व्हिक्टर टेक्सस ए अँड एमला, भालाफेकवाला पीटर्स मिसिसिपी स्टेटला. शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षण, राहणं, जेवण, फिजिओ, जिम आणि दर आठवड्याला स्पर्धा. अठरा ते बावीस या वयात खेळाडूचा खर्च कोणी करायचा हा जगातल्या प्रत्येक गरीब देशाचा प्रश्न आहे. ग्रेनेडाने तो अमेरिकेवर सोडून दिला. हुशारी म्हणा, नाइलाज म्हणा.

याला काळी बाजूही आहे. कॉलेजच्या संघासाठी पोरं वाजवीपेक्षा जास्त धावतात, उन्हाळ्यापर्यंत मोडतात, आणि जी मोडतात त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत. शिवाय बेटावर स्वतःची पद्धत तयार होत नाही, चांगले कोच बाहेरच राहतात. आणि लहान देशात एक माणूस घसरला तरी मोठा खड्डा पडतो. रिओच्या चारशेच्या फायनलमध्ये आठांतले दोन ग्रेनेडाचे होते, जेम्स आणि ब्रॅलन टॅपलिन. अमेरिकेचा एकच होता! २०१९ मध्ये ग्रेनेडातच झालेल्या स्पर्धेत उत्तेजक चाचणी चुकवल्याबद्दल टॅपलिनवर चार वर्षांची बंदी आली. एका झटक्यात देशाचं अर्धं चारशे गेलं.

डेकॅथलॉनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती एका घरातली गोष्ट आहे. कर्ट फेलिक्स आणि लिंडन व्हिक्टर हे भाऊ. थोरला आधी डेकॅथलॉन करायला लागला, धाकटा त्याच्यामागे. रिओला दोघंही होते. धाकटा २०१८ आणि २०२२ ला राष्ट्रकुल विजेता, २०२३ ला जागतिक कांस्य, आणि पॅरिसला ८७११ गुणांनी ऑलिंपिक कांस्य, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. दहा प्रकार, दोन दिवस. थाळीफेकीत तो इतरांना मागे टाकतो आणि तिथले गुण पुढे पुरवून वापरतो.

भालाफेकीवर मात्र थांबतो, कारण इथे आपला थेट संबंध येतो. जुलै २०१६, पोलंडमधलं बिडगॉश, वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा. नीरज चोप्राने ८६.४८ मीटरचा ज्युनिअर विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं, हे आपल्याला पाठ आहे. त्या दिवशी तिसरा कोण होता? अँडरसन पीटर्स, ७९.६५. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, १९९७. पीटर्स मुळात वेगाने धावणारा, दुखापतींमुळे भाल्याकडे वळलेला. त्याच्या आधी शेजारच्या त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने २०१२ ला, किरानीच्याच ऑलिंपिकमध्ये, एकोणिसाव्या वर्षी भालाफेकीचं सुवर्ण जिंकून दाखवलं होतं. पुन्हा तेच, शेजारच्या घरात कोणीतरी केलेलं.

२०१८ च्या राष्ट्रकुलला नीरज पहिला, पीटर्स तिसरा. २०१९ ला पीटर्स दोहात जगज्जेता, नीरज कोपराच्या दुखापतीमुळे तिथे नव्हता. टोकियोत उलटं. जगज्जेता पीटर्स फायनललाच पोचला नाही आणि नीरजने ८७.५८ ला सुवर्ण घेतलं. मे २०२२ मध्ये पीटर्सने दोहात ९३.०७ फेकला. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतल्या यूजीनला जागतिक स्पर्धेत ९०.२१, ९०.४६ आणि शेवटी ९०.५४, एकाच फायनलमध्ये तीनदा नव्वदपार. नीरज ८८.१३ ला रौप्य. आपल्याकडे बातमी आली 'नीरजचं सुवर्ण हुकलं'. ज्याने नव्वद मीटर तीनदा ओलांडले त्याचं नाव बातमीत सातव्या ओळीत होतं.

आणि पॅरिस. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ कॅरिअकूवर आलं, बेटावरची बहुतेक सगळी घरं गेली. महिनाभराने, ३ ऑगस्टला व्हिक्टरचं कांस्य आणि ८ ऑगस्टला पीटर्सचं, ८८.५४. त्याच्या पुढे नीरज ८९.४५ आणि अर्शद नदीम ९२.९७. ३ ऑगस्टच्याच संध्याकाळी डॉमिनिकाच्या थेआ लाफाँडने तिहेरी उडीत आणि सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने शंभर मीटरमध्ये, १०.७२ सेकंदांत, आपापल्या देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक जिंकलं, तेही सुवर्ण. ती बेटं एकमेकांकडे बघून शिकतात.

ग्रेनेडाची आजवरची ऑलिंपिक पदकं पाच: एक सुवर्ण, एक रौप्य, तीन कांस्य. तीन माणसांची. प्रकार तीनच, चारशे, डेकॅथलॉन आणि भाला. कुस्ती नाही, नेमबाजी नाही, हॉकी नाही.

तेव्हा सर, तुमच्या तालुक्याला ग्रेनेडा करायचा असेल तर मला विचाराल ते असं. सगळे खेळ सुरू करू नका. दोन प्रकार धरा, ज्यांत गावातलं कोणी आधी थोडंफार पुढे गेलेलं आहे असे. शेजारचे तीन तालुके गाठा आणि दरवर्षी एकाच ठरलेल्या आठवड्यात, शासकीय स्पर्धांच्या वेळापत्रकाबाहेर, फिरत्या यजमानपदाची एक भेट-स्पर्धा लावा. चुन्याने आखलेला मातीचा ट्रॅक चालेल. बाद फेरी ठेवू नका, प्रत्येक पोर दोन दिवसांत तीनदा धावलं पाहिजे. आणि हरलेल्या पोराचं नाव वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच्या घरी जाऊन त्याला परत आणायचंय. अठरा ते बावीसच्या खर्चाचं मात्र माझ्याकडेही उत्तर नाही. काही पोरांसाठी सैन्यदल किंवा रेल्वे आहे. पण तिथे घेताना टायमिंग बघतात, आणि अकरा शर्यतींत टायमिंग येत नाही.

२०२५ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेची भालाफेकीची फायनल पोरांना दाखवा. पहिला वॉलकॉट, ८८.१६. दुसरा पीटर्स, ८७.३८. नीरज त्या दिवशी आठवा होता. पण आपला सचिन यादव ८६.२७ फेकून चौथा आला, कांस्यापासून अर्धा मीटरही लांब नाही.